सगळीकडे नॉमिनी लावले आहेत, तरी मृत्युपत्र कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ६८ वर्षांचे असून निवृत्त आहेत आणि त्यांच्या पत्नी ६४ वर्षांच्या आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट दोघांच्या नावे आहे. बँकेत ठेवी, पीपीएफ, काही शेअर आणि दोन विमा पॉलिसी आहेत. गावाकडे वडिलांच्या पश्चात आलेली शेती आहे. तिच्या सातबारावर आई आणि ते स्वतः धरून तिघे भाऊ यांची नावे असून बहिणीचे नाव ‘इतर हक्का’त आहे. आई हयात आहे. मुलगा परदेशी स्थायिक झाला आहे आणि विवाहित मुलगी जवळच्याच शहरात राहते. बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणून मुलाचे नाव लावलेले आहे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: आता मृत्युपत्राची गरज उरते का, केलेच तर त्याची नोंदणी करावी लागते का, आणि एका स्नेह्यांनी सुचवल्याप्रमाणे फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावा का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, गरज आहे’ असेच आहे, आणि आपल्या बाबतीत ती नेहमीपेक्षा अधिक आहे. बहुतेक लोक मृत्युपत्राकडे मुलांमधली वाटणी म्हणून पाहतात. माझ्या मते ते आधी मागे राहणाऱ्या जोडीदाराच्या सोयीसाठी असते आणि वाटणीचा विचार त्यानंतरचा. आपल्या प्रश्नात मुलगा आहे, मुलगी आहे, नॉमिनी आहेत; परंतु आपल्या पश्चात पत्नीने या फ्लॅटमध्ये कोणत्या अधिकाराने राहायचे आणि औषधपाण्याला पैसे लागले तर कोणाच्या सहीने काढायचे, याचा उल्लेख कोठेही नाही. पुढील उत्तर त्याच अंगाने लिहिले आहे. आपले कुटुंब हिंदू वारसा कायद्याखाली येते असे मी गृहीत धरले आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय सर्वसाधारणपणे एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, आणि गोव्यातील कायद्यात अर्धी मिळकत जवळच्या वारसांसाठी राखीव असते. त्यामुळे त्या वाचकांनी हे उत्तर जसेच्या तसे स्वतःला लावू नये.

मृत्युपत्र केले नाही तर काय होईल, ते आधी पाहू. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ८ नुसार पुरुषाची मिळकत प्रथम वर्ग एकच्या वारसांना समान हिश्शाने जाते आणि या वर्गात पत्नी, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर आईही येते. वडील त्यात नाहीत, आई आहे; हे बहुतेकांना ठाऊक नसते. फ्लॅट दोघांच्या नावे आहे याचा अर्थ सर्वसाधारणपणे निम्मा आपला व निम्मा पत्नीचा. केवळ नाव जोडीने आहे म्हणून आपला निम्मा हिस्सा आपोआप पत्नीकडे जात नाही. तो आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी या चौघांत विभागला जाईल, म्हणजे प्रत्येकाला संपूर्ण फ्लॅटचा एक अष्टमांश मिळेल. पत्नीकडे स्वतःचा अर्धा अधिक हा एक अष्टमांश, असे पाच अष्टमांश येतील. आईला आलेला एक अष्टमांश तिने काही लिहून न ठेवल्यास तिच्या पश्चात तिच्या वारसांकडे जाईल. ते वारस म्हणजे आपले दोघे भाऊ, बहीण आणि आपल्या शाखेचे म्हणून आपली मुले. थोडक्यात, आपल्या दोन्ही भावांचा व बहिणीचा प्रत्येकी बत्तिसावा हिस्सा आपल्या फ्लॅटमध्ये निर्माण होईल. उद्या पत्नीला जिन्याचा त्रास होऊ लागला आणि हा फ्लॅट विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत जावेसे वाटले, तर खरेदीदाराचा वकील या सर्वांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्रे मागेल. दीर प्रेमळ असतील आणि सह्या करतीलही. परंतु तोवर त्यांच्यापैकी कोणी हयात नसेल, तर त्यांच्या मुलांना शोधत फिरावे लागेल. हे सगळे दोन परिच्छेदांच्या मृत्युपत्राने टळते.

आता नॉमिनीविषयी. नॉमिनी ही संस्थेला किंवा बँकेला आपली जबाबदारी संपवण्यासाठी करून दिलेली सोय आहे. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. ते पैसे अखेर कोणाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहतो आणि त्याचे उत्तर मृत्युपत्रातून किंवा वारसा कायद्यातून मिळते. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात हेच सांगितले. शेअरच्या बाबतीत काही काळ उलटसुलट निर्णय होते. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेथेही नॉमिनी मालक होत नाही हे स्पष्ट केले. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यात नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणूनच घेण्याची तरतूद आहे. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) कायमचे नाव लागायचे ते मृत्युपत्र, वारस दाखला, कौटुंबिक व्यवस्थापत्र अशा कागदांच्या आधारे.

विमा पॉलिसीकडे मात्र आपण वेगळे लक्ष द्यावे. विमा कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर ते रकमेचे लाभार्थी ठरतात अशी तरतूद आली. तिच्या अर्थावरून न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: मृत्युपत्रात रक्कम पत्नीला आणि पॉलिसीवर नॉमिनी मुलगा, अशी विसंगती ठेवू नये. ज्याला पैसे मिळावेत असे वाटते तोच नॉमिनी असावा. बँक ठेवींनाही हेच लागू पडते; १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि ठेवींच्या बाबतीत प्रत्येकाचे टक्के ठरवून देता येतात, त्यामुळे पूर्वीची ‘एकच नाव लावता येते’ ही सबब आता उरलेली नाही. परदेशातला मुलगा नॉमिनी असेल तर त्याने ओळखपत्रे साक्षांकित करून पाठवणे, प्रत्यक्ष येणे, यांत महिने जातात आणि तेवढे महिने घरखर्च पत्नीला चालवायचा असतो. निदान रोजच्या वापराचे खाते आणि मोठ्या ठेवी जोडनावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ या पद्धतीच्या असाव्यात आणि जी खाती एकट्या आपल्या नावे आहेत तेथे पत्नी पहिली नॉमिनी असावी. हे काम वकिलाशिवाय होते, म्हणून ते मृत्युपत्राची वाट न पाहता करून टाकावे.

फ्लॅटसंबंधीचे कलम हा मृत्युपत्राचा गाभा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे एक ठरावीक मसुदा पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे: ‘माझ्या पश्चात सदर मिळकतीचा उपभोग माझी पत्नी तहहयात घेईल, तिला ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार राहणार नाही, आणि तिच्या पश्चात ती माझ्या मुलांना समसमान मिळेल.’ वाचताना हे शहाणपणाचे वाटते, कारण पत्नीचे छप्परही राहते आणि मुलांचा हक्कही सुरक्षित होतो. व्यवहारात मात्र यातून पत्नी स्वतःच्या घरात भाडेकरूसारखी होते. मोठी शस्त्रक्रिया, मदतनीस बाईचा पगार किंवा वृद्धाश्रमाची अनामत रक्कम यासाठी ती घर विकू शकत नाही आणि प्रत्येक वेळी मुलांच्या संमतीवर अवलंबून राहते. शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही हे कलम वाटते तितके भक्कम नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये स्त्रीच्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर कधी होते आणि कधी होत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या तुलसम्मा निर्णयापासून आजतागायत सतत वाद चालू आहेत. पत्नीला पोटगीचा जो मूळ हक्क आहे त्यापोटी दिलेला तहहयात हक्क पूर्ण मालकीचा ठरू शकतो, आणि मृत्युपत्राने मुद्दाम मर्यादित दिलेला हक्क मर्यादितच राहतो असेही निर्णय आहेत. म्हणजे हे कलम लिहून आपण मुलांच्या हाती एक दावाच देऊन जातो.

माझे मत असे, की पती-पत्नीचे संबंध सलोख्याचे असतील आणि दुसऱ्या लग्नाची मुले वगैरे गुंतागुंत नसेल, तर आपला अर्धा हिस्सा पत्नीला पूर्ण मालकी हक्काने द्यावा. ‘मग ती सगळे एकाच मुलाला देऊन टाकेल’ ही भीती अनेक जण बोलून दाखवतात. ती अगदीच निराधार नसते. वयोवृद्ध बाईवर दबाव आणणारी माणसे घरातलीच असतात. परंतु चाळीस वर्षे संसार केलेल्या व्यक्तीच्या हाताला कुलूप लावण्यापेक्षा तिच्या नावे पुरेशी रोकड राहील आणि तिला त्या व्यवहारांची माहिती असेल, असे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. तहहयात हक्कच ठेवायचा असे आपण ठरवलेत, तर निदान ‘वैद्यकीय उपचार, सेवा-शुश्रूषा किंवा अन्य सोयीच्या घरात स्थलांतर यासाठी विक्री करण्याचा तिला पूर्ण अधिकार राहील’ हे वाक्य घालावे.

पत्नीला पूर्ण मालकी देताना पर्यायी तरतूद अवश्य लिहावी. पत्नी आपल्या आधी गेली तर हिस्सा कोणाला, हे लिहिलेले नसेल तर तेवढ्यापुरते मृत्युपत्र निष्फळ होते आणि पुन्हा वारसा कायदा लागू होतो. दोघे एकाच अपघातात गेल्यास आधी कोण गेले हे कळत नसेल, तर लहान वयाची व्यक्ती नंतर मरण पावली असे हिंदू वारसा कायद्याचे कलम २१ मानते; म्हणजे आपली मिळकत आधी पत्नीकडे आणि तिच्याकडून तिच्या वारसांकडे जाईल. म्हणून ‘पत्नी माझ्या आधी, माझ्यासोबत अथवा माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत निधन पावल्यास’ असे शब्द वापरावेत आणि पुढे मुलगा व मुलगी यांचे हिस्से सांगावेत. तसेच त्या दोघांपैकी कोणी आधी गेल्यास त्याचा हिस्सा नातवंडांना जाईल की हयात भावंडाला, हेही एका वाक्यात लिहून टाकावे.

पत्नीनेही स्वतःचे स्वतंत्र मृत्युपत्र करावे, आणि शक्यतो त्याच दिवशी. फ्लॅटचा अर्धा भाग तिचा आहे. दोघांनी मिळून एकाच कागदावर संयुक्त मृत्युपत्र करण्याची हौस काहींना असते. ती टाळावी, कारण एकाच्या निधनानंतर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही यावर वाद उभा राहतो. याच ओघात दागिन्यांचे सांगतो. पत्नीचे स्त्रीधन तिचे आहे. ‘घरातील सर्व सोने सुनेला द्यावे’ असे पतीने स्वतःच्या मृत्युपत्रात लिहिण्याला काहीही अर्थ नाही, तरीही दर दोन मसुद्यांआड हे वाक्य दिसते.

आईसाठी काय करावे? मृत्युपत्राने आपण तिला हिस्सा न देणे कायदेशीर आहे, आणि वर सांगितलेला बत्तिसाव्या हिश्शाचा घोळ पाहता फ्लॅटमध्ये तिचा हिस्सा न ठेवणेच बरे. मात्र वृद्ध आईचा निर्वाह मिळकतीतून व्हावा हा तिचा कायदेशीर हक्क आहे. म्हणून एक विशिष्ट रक्कम तिच्या औषधोपचारांसाठी बाजूला ठेवावी, ती पत्नीच्या ताब्यात राहावी आणि आईच्या पश्चात उरलेली रक्कम पत्नीचीच राहावी, अशी तरतूद करता येते. हिस्सा का दिला नाही याचे कारणही तेथेच लिहावे, म्हणजे पुढे कोणी ‘म्हातारीला वाऱ्यावर सोडले’ असे म्हणून मृत्युपत्रावर संशय घेणार नाही.

शेतीचा विषय वेगळा आणि जास्त नाजूक आहे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यामुळे बहिणीचे नाव ‘इतर हक्का’त असले म्हणजे तिचा हक्क भावांपेक्षा कमी असतो असे नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर तीही भावांप्रमाणे वारस आहे. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित होती की एकत्र कुटुंबाची, यावर हिश्शाचे गणित बदलते. एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतली जन्मसिद्ध हिस्सेदार, ठरते आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरवले. सहदायादाला स्वतःचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, त्याच कायद्याचे कलम ३० तसे म्हणते. परंतु संपूर्ण गट नंबर आपलाच असल्यासारखा देता येत नाही. म्हणून ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक तमुकमध्ये माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल वा पुढे वाटपाने मला जे क्षेत्र मिळेल ते’ असे लिहावे. खरे तर शेतीच्या बाबतीत मृत्युपत्रापेक्षा आधी वाटप उरकणे महत्त्वाचे आहे. आई हयात असताना, तिच्या शब्दाला मान असताना, भावंडांनी एकत्र बसून संमतीने वाटप करावे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यावा किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करावे. पुढच्या पिढीत हेच काम चुलतभावंडांच्या संख्येने कठीण होते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा कुळकायद्याने मिळालेली असेल, तर हस्तांतरावर निर्बंध असू शकतात; सातबारावरील शेरे वाचून घेतल्याशिवाय तिच्याबद्दल काही लिहू नये.

आता औपचारिक बाबी. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्र लेखी असावे, करणाऱ्याने त्यावर सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही पाहून किंवा त्याच्या तोंडून ‘ही सही माझी’ असे ऐकून, त्याच्या समक्ष स्वतःच्या सह्या कराव्यात. एवढे पुरते. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलेही चालते. नोटरीचा शिक्का आवश्यक नाही आणि तो असला म्हणून साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही. पुष्कळ लोक नोटरी म्हणजेच नोंदणी समजतात, तसे नाही.

साक्षीदार निवडताना आपल्याहून वयाने लहान, प्रकृतीने ठणठणीत आणि पंधरा-वीस वर्षांनी सापडतील अशी माणसे निवडावीत. पुढे वाद झाल्यास, हयात असलेल्यांपैकी किमान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सही कशी झाली ते सांगावे लागते. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये. हिंदूंच्या बाबतीत केवळ त्या कारणाने देणगी रद्द होत नाही, पण संशयाला जागा होते. आणि संशय हाच मृत्युपत्राचा खरा शत्रू आहे. १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले सूत्र आजही लागू आहे: संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असतो. थरथरती सही, लाभार्थ्याने स्वतः मसुदा करून आणणे, एखाद्या निकटच्या वारसाला काहीही कारण न देता वगळणे, रुग्णालयातील अंथरुणावर घाईने घेतलेला अंगठा, ही तिची नेहमीची रूपे. यात मी भाषेची भर घालीन. मराठीत विचार करणाऱ्या, इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या माणसाचे मृत्युपत्र भारदस्त इंग्रजीत करून देणे हे त्याच्या वारसांवर अन्याय करणारे आहे. ‘यातील कोणता शब्द आपल्या वडिलांना समजत होता?’ हा उलटतपासणीतला एकच प्रश्न साक्षीदाराला गप्प करू शकतो. मराठीत लिहा, सोप्या मराठीत लिहा.

त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ज्यात आपण शुद्धीवर असून व्यवहार समजू शकता असे नमूद आहे, कायद्याने सक्तीचे नाही, पण आपल्या वयात ते घ्यावे. डॉक्टरच साक्षीदार झाले तर अधिक चांगले. प्रत्येक पानावर सही असावी, पानांची संख्या मजकुरात लिहावी आणि खाडाखोड टाळावी. झालीच तर तिच्याजवळ आपली व दोन्ही साक्षीदारांची सही घ्यावी.

मजकुरातील एक बारकावा नेहमी निसटतो. ‘अमुक बँकेतील अमुक क्रमांकाची मुदत ठेव मुलीला’ असे लिहिले आणि ती ठेव मुदत संपल्यावर मोडून दुसऱ्या बँकेत ठेवली, तर मुलीला काहीच मिळत नाही असा दावा उभा राहतो, कारण दिलेली विशिष्ट वस्तूच मृत्यूच्या वेळी अस्तित्वात नसते. म्हणून ठेवींचे क्रमांक लिहिण्याच्या फंदात न पडता ‘माझ्या नावे मृत्यूसमयी असलेल्या सर्व बँक ठेवी, शिल्लक रकमा, शेअर व म्युच्युअल फंड’ असे गट करून टक्केवारी द्यावी. खात्यांची यादी वेगळ्या कागदावर ठेवावी आणि ती दरवर्षी बदलावी. त्या यादीला साक्षीदार लागत नाहीत. पासवर्ड मृत्युपत्रात कधीही लिहू नयेत. शेवटी ‘यात उल्लेख न झालेली माझी इतर सर्व मिळकत अमुक व्यक्तीस मिळावी’ हे उर्वरित मिळकतीचे कलम न विसरता घालावे.

मुलीविषयी जाता जाता एक सांगतो. तिला कमी द्यायचे असेल तर तो आपला अधिकार आहे, पण ‘तिच्या लग्नात भरपूर खर्च केला असल्याने’ हे ठरावीक वाक्य लिहू नये. कायद्याला त्याची गरज नाही आणि ते वाचून ती दुखावते, क्वचित न्यायालयात जाते. आपल्या पश्चात आईकडे धावून येणारी व्यक्ती बहुधा तीच असेल. त्याच कारणाने व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून परदेशातील मुलापेक्षा पत्नी व मुलगी यांची क्रमाने नेमणूक करणे सोयीचे पडेल. व्यवस्थापकाला मिळकतीत हिस्सा असला तरी हरकत नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्यासाठी मुदतही नाही. तरीही मी ती करण्याचा सल्ला देतो, कारण शुल्क नाममात्र आहे, दुय्यम निबंधकांसमोर फोटो व अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि मूळ प्रत हरवली तरी कार्यालयात नक्कल राहते. आपण हयात असेपर्यंत ती नक्कल आपल्याखेरीज किंवा आपल्या अधिकृत प्रतिनिधीखेरीज कोणालाही मिळत नाही. चालणे-फिरणे जमत नसेल तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही हा मात्र गैरसमज आहे, आणि नोंदवलेले मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते. शेवटचे वैध मृत्युपत्र तेच खरे. म्हणून नवीन करताना ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

प्रोबेटविषयी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाकडून घ्यायच्या दाखल्याविषयी, भीती अनाठायी आहे. मुंबईसारख्या ठराविक शहरांशी संबंधित मृत्युपत्रांना ते भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१३ मुळे सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच वगळले. उर्वरित महाराष्ट्रात हिंदूंना अशी सक्ती नव्हती. वारसांमध्ये वाद असेल किंवा एखादी संस्था अडून बसली, तर मात्र स्वेच्छेने प्रोबेट घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे. वारसा कर १९८५ पासून आपल्याकडे नाही, त्यामुळे केवळ कर वाचवण्यासाठी हयातीतच मिळकत देऊन टाकण्याचे कारण नाही.

यावरून आपल्या स्नेह्यांच्या सल्ल्याकडे येतो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा, आणि त्यामुळे हा मार्ग फार लोकप्रिय झाला आहे. स्वस्त आहे म्हणून तो योग्य ठरत नाही. मृत्युपत्र आपण कितीही वेळा बदलू शकता. नोंदवलेले बक्षीसपत्र एकदा झाले की सहसा मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते, हे खरे आहे. पण ती अट असल्याचे दाखवावे लागते, आणि पोटच्या मुलाविरुद्ध त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांनी कागदावर सही करताना असा दिवस येईल असे मानलेले नसते. आपला मुलगा चांगला असेल. त्याचे कर्ज, त्याचा घटस्फोट किंवा त्याचा आपल्या आधी होणारा मृत्यू यांवर मात्र त्याच्या चांगुलपणाचा उपाय चालत नाही, आणि फ्लॅट त्याच्या नावे झालेला असेल तर यांपैकी प्रत्येक प्रसंगी आपली पत्नी उघड्यावर येऊ शकते. राहते घर हयातीत कोणाच्याही नावे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याची पद्धत गैरसोयीची आहे, विशेषतः लॉकर एकट्याच्या नावे असेल तर. ते उघडण्यासाठीच कागदपत्रे मागितली जातात. नोंदणी केलेली असेल तर मूळ प्रत घरी आणि छायाप्रत मुलीकडे ठेवावी. मजकूर मुलांना सांगायचा की नाही हे आपण ठरवा, परंतु मृत्युपत्र आहे, ते कोठे आहे आणि साक्षीदार कोण आहेत, हे पत्नी व मुलगी या दोघींना ठाऊक असले पाहिजे. फ्लॅट विकला, नवी मिळकत घेतली, कुटुंबात कोणाचा मृत्यू किंवा घटस्फोट झाला, शेतीचे वाटप झाले, तर ते काढून पुन्हा वाचावे. किरकोळ बदल पुरवणी मृत्युपत्राने होतो, मात्र त्यालाही दोन साक्षीदार तितकेच आवश्यक असतात, आणि दोनपेक्षा जास्त पुरवण्या होऊ लागल्या तर सरळ नवे मृत्युपत्र करावे.